चार वह्या आणि पानाच्या तळाची बारीक अक्षरं

एकादशीची संध्याकाळ आहे. फर्स्ट शिफ्ट करून आलात, आंघोळ केलीत, आणि संत तुकाराम नगरातल्या तुमच्या बिल्डिंगच्या मागच्या छोट्या विठ्ठल मंदिरात टाळ घेऊन बसलात. अधूनमधून हायवेवरच्या पुलावरून मेट्रो जाते तेव्हा टाळांच्या नादात तिचा घरघराट मिसळतो. वीणा गळ्यात घालून उभे असलेले बुवा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी तुकोबांचा अभंग धरला, तुम्ही मागून म्हणू लागलात. दुसऱ्या चरणात तुमच्या तोंडून एक शब्द आला, बुवांच्या तोंडून दुसरा. ताल चुकला नाही, चाल मोडली नाही, शेजारच्याला कळलंही नाही. पण तुम्हाला कळलं.

आरती झाल्यावर तुम्ही त्यांना गाठता. ‘बुवा, गाथेत तर वेगळा शब्द आहे.’

‘असंल माउली. आमच्या वडलांनी आम्हांला असंच शिकवलं. त्यांना त्यांच्या वडलांनी.’

घरी येऊन तुम्ही कपाटातली आजोबांची गाथा काढता. मुंबई सरकारने १९५० साली पुन्हा छापलेली ती जाड गाथा, पिवळ्या पानांची, पाठीला कापड चिकटवलेली. अभंग सापडतो. शब्द तुमचाच आहे, म्हणजे तुम्ही बरोबर. मग त्या शब्दाच्या डोक्यावर बसलेला बारीक आकडा दिसतो. तोच आकडा पानाच्या तळाला आहे, त्याच्यापुढे ‘दे.’ एवढंच अक्षर, आणि त्याच्यापुढे बुवांचा शब्द.

‘दे.’ म्हणजे देहू.

इथे जरा थांबा, कारण ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळणार आहे. तुम्ही भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला आहात. दिवसभर हातात व्हर्निअर, समोर ट्रे. टेबलावर मखमलीच्या डबीत मास्टर पीस असतो. प्रत्येक पीस त्याच्याशी ताडून बघायचा. जुळला तर पुढे, नाही जुळला तर लाल ट्रेमध्ये. आता असं समजा, की मास्टर पीस हरवला आहे. ड्रॉइंगही नाही. समोर आहेत ते फक्त निरनिराळ्या शेडमध्ये, निरनिराळ्या हातांनी केलेले चार पीस, आणि चारही एकमेकांपासून थोडे थोडे वेगळे. तुम्हाला सांगितलं आहे, की या चारांवरून मूळ पीस कसा होता ते सांगा. पाठचिकित्सा म्हणतात ती हीच. आपल्या मराठी मुलखात ती करणारी माणसं होऊन गेली, आणि त्यांना भेटायला आज तुम्हाला मागे जायचं आहे.

खाली उतरा. हायवेच्या कडेला उभे राहा. जून-जुलैत देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम करून पुण्याकडे जाते ती याच रस्त्याने, तुमच्या समोरून. आता वर्षं उलटी मोजा. २०२२ च्या मागे गेलात की मेट्रोचं स्टेशन नाही. आणखी मागे, वल्लभनगरचा एसटी स्टँड नाही. १९५४ च्या मागे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सही नाही, भोंगा नाही, कॉलनी नाही. रान मोकळं. राहतात ते दोनच: पलीकडे पवना, आणि आगगाडीचे रूळ. १८६३ साली बोरघाटातली लाइन सुरू झाली आणि पुण्याहून मुंबईला गाडी सलग जाऊ लागली. तुम्ही तिच्यात बसा. साल आहे १८६९.

मुंबईत इंदुप्रकाश छापखाना. विष्णु परशुरामशास्त्री पंडित इथे बसतात. विधवांच्या पुनर्विवाहासाठी शास्त्री मंडळींशी वाद घातले ते हेच विष्णुशास्त्री. त्यांच्या जोडीला शंकर पांडुरंग पंडित, वय अजून तिशीच्या आत, संस्कृतात तयार आणि पाश्चात्त्य संपादनपद्धतीत मुरलेले. आडनाव एक असलं तरी दोघांची घराणी वेगळी. शिक्षणखात्याचे संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या पुढाकारामुळे मुंबई सरकारने तुकोबांची गाथा छापायला २४,००० रुपये दिले आहेत. त्या काळात ही रक्कम म्हणजे मोठी दौलत. पहिला भाग १८६९ मध्ये निघतो, दुसरा १८७३ मध्ये.

पण मला तुम्हाला पैसा दाखवायचा नाही, टेबल दाखवायचं आहे. त्याच्यावर चार वह्या आहेत. एक देहूची, तुकोबांच्या वंशजांकडली. एक तळेगावची. एक कडूसची, म्हणजे तुमच्या चाकणच्या पुढे, खेड तालुक्यातली. चौथी पंढरपूरची. पहिल्या तीन गावांना तुम्ही दुचाकीवरून एका दिवसात जाऊन याल. ज्या पट्ट्यात आज गाड्यांचे सुटे भाग तपासले जातात, त्याच पट्ट्यातून हे चारातले तीन ‘पीस’ आले आहेत.

एकजण वाचतो, बाकीचे आपापल्या वहीत बोट ठेवून ऐकतात, असं चित्र मी डोळ्यांपुढे आणतो. फरक आला की थांबायचं. तुम्हीही एका वहीवर बोट ठेवून बसा. थोड्याच वेळात तुम्हाला चुकांचे प्रकार ओळखू येऊ लागतील, कारण चुका करणारा हात कुठलाही असो, तो ठरावीक ठिकाणीच घसरतो. ‘म’चा ‘भ’ होतो, ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘थ’चा ‘य’. जुन्या वळणाचा शब्द नकलणाऱ्याला कळला नाही की तो त्याच्या जागी ओळखीचा शब्द बसवतो. म्हणून दोन शब्दांत एक अवघड आणि एक सोपा असेल, तर अवघडाकडे आधी बघायचं. सोप्याचा अवघड कुणी मुद्दाम करत नाही. आणि अभंगाच्या वहीत एक खास धोका आहे. प्रत्येक अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’. लिहिणारा एका ‘तुका म्हणे’पाशी मान वर करतो, पुन्हा मान खाली घालतो तेव्हा नजर पुढच्या ‘तुका म्हणे’वर पडते, आणि मधला आख्खा अभंग गळतो.

याहून महत्त्वाची गोष्ट तुम्हाला कारखान्यानेच शिकवली आहे. दहा पीसांवर एकाच जागी सारखाच चरा दिसला तर तुम्ही दहा कामगारांना दोष देत नाही. चरा डायमध्ये आहे हे तुम्हाला कळतं. वह्यांचंही तसंच. दोन वह्यांत एकच बरोबर शब्द असला तर त्यातून नातं सिद्ध होत नाही, बरोबर शब्द कुठूनही येऊ शकतो. पण दोन वह्यांत एकच विचित्र चूक एकाच जागी असली, तर त्या दोन्ही एकाच तिसऱ्या वहीवरून उतरल्या. चुकांवरून वंशावळ काढता येते. मला ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा मी कितीतरी वेळ गप्प बसलो होतो. आपण आयुष्यभर चुका पुसायला शिकतो, आणि इथे चूक हाच साक्षीदार.

दोघा पंडितांनी एका शब्दाला पानात जागा दिली. उरलेल्यांना त्यांनी फेकलं नाही. तळाला, बारीक टायपात, गावाचं पहिलं अक्षर लावून ते छापले. तुमच्या आजोबांच्या गाथेतलं ‘दे.’ इथून आलं.

आता तुम्हाला वाटेल, मग सरळ देहूलाच जाऊ. चार वह्या कशाला, ज्यांनी अभंग केला त्यांनाच विचारू.

चला. १६४० च्या सुमाराचं देहू. इंद्रायणीचा डोह. तुकोबांच्या वह्या या डोहात बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. आज इथे कीर्तन आहे. मागे टाळकरी उभे आहेत. परंपरा सांगते, की चाकणचे संताजी जगनाडे तेली आणि कडूसचे गंगारामपंत मवाळ हे दोघे तुकोबांचे अभंग लिहून घेत. संताजींच्या घराण्यातल्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी पुढे १९१९-२० मध्ये सुमारे १,३०० अभंगांची गाथा वेगळी छापली. इंदुप्रकाशच्या गाथेत साडेचार हजारांहून जास्त अभंग आहेत. एवढा फरक.

ऐका नीट. आज तुकोबांनी जो अभंग एका शब्दाने म्हटला, तोच पुढच्या एकादशीला दुसऱ्या शब्दाने म्हटला तर? गाणारा माणूस आहे. समोरचे लोक बदलतात, प्रसंग बदलतो. संताजींनी आजचा शब्द उतरवला असेल, गंगारामपंतांनी त्या दिवशीचा. मग मूळ कोणतं? ज्या मास्टर पीसच्या शोधात तुम्ही एवढे मागे आलात, तो एकच होता असं धरून चाललो होतो आपण. मला वाटतं, अभंगाच्या बाबतीत ते धरून चालणं चूक आहे. म्हणून तळाची ती बारीक अक्षरं जपणं आणखीच गरजेचं ठरतं. तिथे उरलेला शब्दही तुकोबांच्याच तोंडचा असू शकतो.

याच काळात उलटा धोकाही आहे. दुसऱ्याच्या अभंगाला स्वतःचं नाव लावणारे लोक आहेत. सालोमालोचं नाव गाथेतच येतं. तुकोबांनी स्वतः त्याच्याबद्दल खंत केली आहे. म्हणजे शब्द जपणारा आणि शब्द बदलणारा एकाच गर्दीत उभे आहेत, आणि दोघांच्याही हातात वही आहे.

आणखी मागे जायचं? एकच मुक्काम, पण तो चुकवून चालणार नाही.

पैठण, शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४. गोदावरीकाठी एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीच्या पोथ्या समोर घेऊन बसले आहेत. ज्ञानेश्वरी सांगून जवळजवळ तीनशे वर्षं झाली. या तीनशे वर्षांत नकलांवर नकला झाल्या, पाठ बिघडले, ओव्या शिरल्या. नाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला, त्याची तिथी नोंदवली, आणि यापुढे कुणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये असं कडक शब्दांत बजावलं. युरोपात ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जर्मन पंडित कार्ल लाखमान जन्मले १७९३ साली. नाथ त्यांच्या दोनशे वर्षं आधीचे. मी हे फुशारकी म्हणून सांगत नाही. ग्रंथावर खरं प्रेम असलं की माणूस प्रती ताडायला बसतोच, तो पैठणचा असो की बर्लिनचा, एवढंच मला म्हणायचं आहे.

पण तुम्ही नाथांच्या शेजारी बसून एक गोष्ट बघा. ते एक शब्द ठेवतात, दुसरा सोडतात. सोडलेला शब्द कुठे लिहून ठेवत नाहीत. त्यांच्या कामाला पानाचा तळ नाही. नाथांचा अधिकार एवढा मोठा, की त्यांनी निवडलेला शब्द लोकांनी डोक्यावर घेतला, आणि बाजूला ठेवलेले शब्द गोदावरीकाठीच राहिले. त्यांच्या कामाने ज्ञानेश्वरी वाचली, यात शंका नाही. तरीही ते हरवलेले शब्द मनात सलतात. पोथी शुद्ध करणं हे एक पाऊल. काय काढलं ते दाखवणं हे पुढचं पाऊल, आणि ते पडायला १८६९ उजाडावं लागलं.

आता परत फिरा. वाटेत दोन ठिकाणी थोडं थांबू.

१८७७, मुंबई. रामकृष्ण गोपाळ भांडारकर विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं देत आहेत. मागच्या बाकावर बसा. ते पोथ्या नाही, भाषाच शेजारी शेजारी मांडतात: संस्कृत, पाली, प्राकृत, मराठी. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. जोडाक्षर आधी दुहेरी होतं, मग एकेरी होतं आणि आधीचा स्वर लांबतो. एक शब्द बघून काही कळत नाही, पण रांग लावली की बदलाला नियम आहे हे डोळ्यांना दिसतं. तुमच्या कंट्रोल चार्टवर एका पीसच्या मापाला अर्थ नसतो, शंभरांची रेघ काढली की मशीन कुठे सरकतंय ते कळतं, तसंच.

मग १८९० च्या अलीकडे-पलीकडे. शंकर पांडुरंग पंडित पुन्हा भेटतात, आता अथर्ववेद संपादताना. टेबलावर पोथ्या आहेतच. पण समोर तीन वैदिक बसले आहेत, ज्यांना हा वेद मुखोद्गत आहे. पंडित त्यांच्याकडून म्हणवून घेतात आणि त्यांचं पठणही पोथीच्या शेजारी साक्षीदार म्हणून नोंदवतात. माणसाच्या कंठातला पाठ, वडलांनी मुलाला दिलेला, पोथीइतकाच मोलाचा. तुमचे वीणेकरी बुवा आठवले ना? ‘आमच्या वडलांनी असंच शिकवलं’ हे वाक्य पंडितांनी हसण्यावारी नेलं नसतं, वहीत लिहून घेतलं असतं. पंडित १८९४ मध्ये गेले आणि त्यांचा अथर्ववेद त्यांच्यामागे, १८९५ ते ९८ मध्ये, चार खंडांत बाहेर आला. छापलेलं पूर्ण काम त्यांनी पाहिलं नाही.

आणि आता पुणे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, लॉ कॉलेजच्या रस्त्यावर, मागे टेकडी. १ एप्रिल १९१९. भांडारकर ८१ वर्षांचे आहेत. प्रार्थना समाजाचा हा माणूस, तुकोबांच्या अभंगांवर जीव असलेला. ते हातात लेखणी घेतात आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी मंगलश्लोकाची पहिली ओळ लिहितात. हे काम आपल्या हयातीत संपणार नाही हे ८१ वर्षांच्या माणसाला ठाऊक असणारच. तरी ते लिहितात.

अकरा वर्षं पुढे या. १९३०. आता या इमारतीत तुम्हाला बराच वेळ बसायचं आहे, कारण आज तुम्हाला कामाला लावणार आहेत.

विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून प्रमुख संपादक आहेत. केंब्रिजला गणित शिकले, बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत. गणिताची शिस्त त्यांच्या कागदात दिसते. तुमच्यापुढे एक मोठा कागद ठेवतात. वरच्या ओळीत प्रचलित महाभारताचा एक श्लोक ठळक लिहिलेला, आणि प्रत्येक अक्षराला स्वतंत्र घर. खाली रिकाम्या घरांच्या ओळी. एक ओळ एका हस्तलिखिताची. तुम्ही पोथी उघडायची, तो श्लोक शोधायचा, आणि अक्षर अक्षर ताडायचं. जिथे वेगळं असेल तिथेच, त्या अक्षराच्या बरोबर खाली, वेगळं अक्षर लिहायचं. उजवीकडे शेऱ्यांसाठी रकाना: समासात कुणी दुरुस्ती केली का, शाई वेगळी आहे का, जास्तीचा श्लोक आहे का. जास्तीचा मजकूर मोठा असला तर वेगळ्या कागदावर, ज्याला शोधपत्र म्हणतात. असं किमान दहा हस्तलिखितांशी.

एक श्लोक ताडायला तुम्हाला किती वेळ लागला ते बघा. मान दुखते. मलबारातली पोथी असेल तर लिपी जाणणारा शेजारी लागतो. काही काम तंजावरला चालतं, काही शांतिनिकेतनला, कारण तिथल्या लिप्या वाचणारे तिथे आहेत. नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम, देवनागरी, आणि काश्मीरची शारदा. आदिपर्व या एका पर्वासाठी साठ हस्तलिखितं अशी या घरांमधून गेली. काश्मिरातून आलेली भूर्जपत्राची शारदा पोथी इथे आहे. झाडाच्या सालीवर लिहिलेली अक्षरं. पान उलटताना बोट दाबू नका.

कागद भरले की सुकथनकर त्यांच्यावर नजर फिरवतात. त्यांची मोठी ओळख ही, की काश्मीर आणि केरळ जिथे एका बाजूला उभे राहतात तिथे थांबायचं. मधल्या मुलखातल्या प्रती एकमेकींत मिसळत राहिल्या, श्लोक इकडून तिकडे गेले. पण हिमालयाखालच्या नकलकाराची आणि मलबारच्या नकलकाराची गाठ पडण्याचा संभव फार थोडा. हे दोघे एकच शब्द सांगत असतील, तर तो शब्द दोघांच्याही आधीचा.

आणि मग एक दिवस असा येतो, की तुम्ही पुण्यात बसून गणपतीला बाजूला ठेवलेलं बघता. व्यासांनी सांगितलं आणि गणेशाने लिहून घेतलं, ही कथा आपल्याला कुणी वेगळी शिकवलेली नाही, ती आपल्या रक्तात आहे. पण जुन्या, एकमेकींपासून दूरच्या प्रतींमध्ये ती नाही. सुकथनकरांनी ती मूळ संहितेत घेतली नाही. ज्या शहरात भाद्रपदात घरोघर गणपती बसतो त्या शहरात बसून त्यांनी हे केलं. पुढे सभापर्व अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादलं, ते १९४४ मध्ये निघालं. त्यात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा मूळ संहितेत नाही. ती तशीच उभी आहे, आणि वस्त्रं येत राहतात.

तुमच्या छातीत धस्स होणं मी समजू शकतो. पण पान उलटा. गणेशाची कथा तिथेच आहे, परिशिष्टात, शब्दन्‌शब्द, कोणकोणत्या प्रतींत ती येते त्याच्या यादीसह. धावाही आहे. एकही ओळ फेकलेली नाही. आणि पानाच्या तळाला पाठभेदांची दाट वीण, कधी कधी श्लोकापेक्षा टीप लांब. शिवाय जिथे सुकथनकरांची स्वतःची खात्री पटली नाही त्या शब्दाखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली आहे. ती रेघ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला या माणसाबद्दल जो आदर वाटला, तो त्याच्या विद्वत्तेबद्दल वाटला त्याहून जास्त होता. एवढं सगळं ताडून, तपासून, शेवटी शब्दाखाली रेघ काढून सांगायचं, की इथे मला खात्री नाही. ज्याला वाटेल त्याने तळाचा शब्द घ्यावा.

आपल्या बोलण्यात ‘तुलना’ या शब्दाला वाईट वास चिकटला आहे. शेजारच्या मुलाचे मार्क, भावाचा पगार, कोण मोठा आणि कोण छोटा. या टेबलावर बसल्यावर तो वास जातो. इथे दोन पोथ्या शेजारी ठेवतात ते एकीला हरवायला नव्हे, तर एकटीला जे सांगता येत नाही ते दोघींकडून ऐकायला. आणि ऐकून झाल्यावर जिचा शब्द घेतला नाही तिचंही नाव लिहून ठेवतात. तुलना करणारा प्रामाणिक आहे की नाही, हे त्याने काय निवडलं यावरून मी ठरवत नाही. न निवडलेल्याचं त्याने काय केलं ते मी बघतो.

सुकथनकर २१ जानेवारी १९४३ रोजी गेले, महाभारताच्या अर्थावर मुंबईत व्याख्यानमाला चालू असताना, शेवटचं व्याख्यान राहिलेलं असताना. त्यांच्या जागी श्रीपाद कृष्ण बेलवलकर आले, त्यांच्यानंतर १९६१ मध्ये परशुराम लक्ष्मण वैद्य. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. १,२५९ हस्तलिखितं, १९ खंड, ४७ वर्षं. पहिली ओळ लिहिणारा आणि शेवटचा कागद भरणारा यांनी एकमेकांना पाहिलेलं असेलच असं नाही.

परत येताना आता तुमच्या काळातली मेट्रो धरा. सिव्हिल कोर्टला गाडी बदला. दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी, भोसरीचं नाशिक फाटा, आणि मग फलाटावर तुमच्या वस्तीचं नाव: संत तुकाराम नगर. ज्या माणसाच्या नावाच्या स्टेशनवर तुम्ही रोज चढता-उतरता, त्याचा एकेक शब्द चार गावांच्या चार वह्यांमधून ताडून आपल्यापर्यंत आला आहे.

मंदिरात अजून दिवा आहे. बुवा वीणा खुंटीला लावताहेत.

‘बुवा, तुमचा शब्द सापडला.’

‘कुठं?’

‘गाथेतच. पानाच्या खाली. देहूच्या वहीत तुमचाच शब्द आहे.’

बुवा जरा वेळ बोलत नाहीत. मग विचारतात, ‘आणि तुमचा?’

‘माझा वर आहे.’

‘मग दोन्ही ऱ्हाऊ द्या की माउली.’ ते पुढे म्हणतात, त्यांच्या वडलांची भजनाची वही गावी आहे, माळ्यावर, फडक्यात बांधलेली. पावसात भिजली होती, पोरं म्हणतात इंद्रायणीला सोडून द्या.

त्यांना तसं करू देऊ नका. आणि तुम्हीही, हे वाचणारे, तुमच्या गावच्या माळ्यावर, देव्हाऱ्याखाली, ट्रंकेत अशी एखादी वही असेल तर ती पाण्यात सोडू नका. फडकं सोडा, पान अन् पान मोबाइलवर टिपून घ्या, वही कुणाची, कुठल्या गावची, कुणाकडून आली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून पहिल्या पानावर लिहा, आणि भांडारकर संस्थेत किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा. तीत शुद्धलेखनाच्या चुका असतील. त्या दुरुस्त करू नका.